खाणीनंतरची नदी



वसंत ऋतूत या चंद्रपूर नगरात दोन मेळे भरतात. एक महाकालीच्या यात्रेचा आणि दुसरा या व्याख्यानमालेचा. पहिला मेळा दुसऱ्यापेक्षा पुष्कळ मोठा व पुष्कळ जुना आहे, हे आमच्यासारख्या वक्त्यांनी नम्रपणे मान्य केलेले बरे. नांदेडकडून, मराठवाड्याच्या इतर भागांतून आणि गोदावरीपलीकडून माणसे चैत्रात येथे येतात. देवीच्या दर्शनापूर्वी झरपट नदीत स्नान करावे, अशी त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे. या नगराची आख्यायिकाही याच नदीपाशी सुरू होते. गोंड राजा खांडक्या बल्लाळशाह याच्या अंगावरच्या गाठी झरपटीच्या पात्रातील एका खळग्याच्या पाण्याने बऱ्या झाल्या, तेथे पुढे अचलेश्वराचे देऊळ झाले आणि मग नगर वसले, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ज्या नदीच्या पाण्याने राजा बरा झाला असे आपण सांगतो, त्याच नदीत आज यात्रेकरू जलपर्णी बाजूला सारून उतरतो आणि बाहेर आल्यावर नळाच्या पाण्याने अंग धुतो. आजचा आमचा विषय या दोन गोष्टींमधल्या अंतराचा आहे.

विषयाचे नाव ‘खाणीनंतरची नदी’ असे आम्ही ठेवले आहे. खाणी खणाव्यात की खणू नयेत, हा वाद आज आम्ही मांडणार नाही. तो वाद महत्त्वाचा आहे; परंतु ज्या खाणी खणून झाल्या, त्यांच्या बाबतीत तो संपलेला आहे. कोळसा निघाला, विजेचे दिवे लागले, आगगाड्या धावल्या, आणि खड्डा व ढीग आपल्या दारात राहिले. या खड्ड्याचे आणि ढिगाचे काय करावयाचे, आणि त्यांच्या कडेने वाहणाऱ्या नदीला पुन्हा नदीपण कसे द्यावयाचे, हा आपला प्रश्न आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, नदीचे देणे फेडण्याला एक क्रम आहे. आधी नदीला जागा, मग जमिनीला माती, मग पाण्याची सोय, मग झाडे व जनावरे, आणि शेवटी माणसांचे रंजन. आपण बहुधा हा क्रम उलटा करतो. आधी बाग, कारंजे आणि बाके, आणि नदीचा विचार पूर आल्यावर! आधी कळस मग पाया, अशी ही रीत आहे.

प्रथम थोडा पूर्वेतिहास पाहू. कोळसा आणि नदी आपल्याकडे एकाच खोऱ्यात का सापडतात? सुमारे पंचवीस ते अठ्ठावीस कोटी वर्षांपूर्वी या भागात दलदली आणि नद्यांची विस्तीर्ण खोरी होती. त्यांत पडलेल्या वनस्पती गाडल्या जाऊन त्यांचा कोळसा झाला. ज्या खडकांच्या समूहात तो आहे त्याला भूगर्भशास्त्रज्ञांनी ‘गोंडवन’ हे नाव दिले आहे. हे नाव आपल्या शेजारच्या मुलखाचे आहे, पण ते आज जगभरच्या पुस्तकांत आहे. आजची वर्धा नदी आणि तिच्या उपनद्या याच पट्ट्यातून वाहतात. म्हणून येथे कोळसा काढावयाचा म्हणजे नदीच्या अंगणातच खणावयाचे, हे ठरलेले.

वरोऱ्याची खाण १८७१ च्या सुमारास सुरू झाली. तिच्यासाठी वर्ध्याहून लोहमार्ग आला. १९०६ साली ती बंद पडली. तोवर बल्लारपूरकडे काम सुरू झाले होते. पुढे घुग्घुस, राजुरा, माजरी, लालपेठ, दुर्गापूर असा विस्तार होत गेला. १९७० नंतरच्या तीन वर्षांत कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १९७५ साली, आपण सर्व ज्याला ‘वेकोलि’ म्हणतो, ते वेस्टर्न कोलफील्ड्स स्थापन झाले. सुरुवातीच्या खाणी भूमिगत होत्या. मग यंत्रे मोठी झाली आणि खुल्या खाणींचा काळ आला.

भूमिगत खाणीचे ऋण डोळ्यांना दिसत नाही, परंतु ते फिटलेले असते असे नव्हे. २६ ऑगस्ट २०२२ रोजी घुग्घुसच्या अमराई वॉर्डात एक राहते घर बघता बघता जमिनीत गेले. जमीन हलू लागताच माणसे बाहेर धावली म्हणून वाचली. खाली जुनी भूमिगत खाण होती. कोळसा काढून घेतल्यावर त्या पोकळीत रेती नीट भरली नाही, म्हणजे वरचा भार तोलणारे काही उरत नाही. वर पिढ्या बदलतात, वस्त्या वाढतात, खाली काय आहे याची आठवण पुसली जाते. पोकळी मात्र तशीच राहते.

खुल्या खाणीची गोष्ट वेगळी. तिचे ऋण कोणालाही दिसावे इतके मोठे आहे. इतके, की आपण त्याला आता टेकडी समजू लागलो आहोत. चंद्रपूरहून घुग्घुसकडे किंवा बल्लारपूर-राजुऱ्याकडे जाणाऱ्या पाहुण्याला वाटते, या सपाट मुलखात या डोंगररांगा कुठल्या? ते डोंगर नव्हेत, कोळशावरची माती व दगड काढून रचलेले ढिगारे आहेत. खाणीतला मनुष्य त्यांना ‘ओबी’ म्हणतो. घन खडक फोडला की त्याच्या तुकड्यांत पोकळी राहते आणि तो साधारण सव्वापट जागा मागतो. जुने घर पाडले म्हणजे मलबा घरापेक्षा मोठा का दिसतो, हे ज्याने पाहिले आहे त्याला अधिक सांगावयास नको. त्यामुळे कोळसा निघून गेला तरी सगळा ढीग खड्ड्यात परत मावेलच असे नसते. आणि पहिला खड्डा उघडताना निघालेला ढीग तर बाहेर टाकण्यावाचून गत्यंतरच नसते.

या ढिगाचा आणखी एक दोष आहे. जमिनीत सर्वांत वर काळी माती असते, खाली मुरूम, त्याखाली वालुकाश्म आणि चिकण थर. यंत्राने खणताना वरचे पहिल्याने निघते आणि तळाशी पडते. खालचे शेवटी निघते आणि माथ्यावर बसते. जमीन अक्षरशः उलटी होते. जी माती तयार व्हावयास शतके लागली ती गाडली जाते, आणि ज्याने कोट्यवधी वर्षे सूर्य पाहिला नव्हता तो दगड उन्हात येतो. त्यावर बी टाकले तर ते रुजणार कसे? पाऊस पडला की हा भुसभुशीत ढीग वाहू लागतो आणि ओघळी ओघळीने नदीत उतरतो.

येथे इरई नदीचे उदाहरण घेतले पाहिजे. उत्तरेकडील जंगलाच्या कडेने ती येते. महाऔष्णिक विद्युत केंद्रासाठी तिला धरणात अडवले आहे. तेथून सुटलेली नदी दुर्गापूर-पद्मापूरच्या खाणींजवळून, नगराच्या पश्चिम अंगाने वाहते आणि हडस्तीजवळ वर्धेला मिळते. २०१३ साली आणि २०२२ च्या पावसाळ्यात तिने आपल्या वस्त्यांत काय केले हे येथे बसलेल्या अनेकांना आमच्यापेक्षा अधिक माहीत आहे. दर पुरानंतर ‘इरईचे खोलीकरण’ हा शब्द ऐकू येतो. गाळ काढणे वाईट नाही. परंतु पुराचे कारण नीट समजून घेतले तर केवळ खोली पुरेशी का नाही हे ध्यानात येईल.

वर्धा ही मोठी नदी. ती दुथडी भरली म्हणजे संगमापाशी तिचे पाणी उंच उभे राहते आणि इरईला बाहेर पडावयास वाव उरत नाही. इरईचे पाणी मागे फुगते. त्याच वेळी धरणाचे दरवाजे उघडावे लागले, तर पुढून दार बंद आणि मागून लोट, अशी नदीची अवस्था होते. अशा वेळी तिला एकच गोष्ट हवी असते: आडवे पसरावयास जागा. ही जागा म्हणजे तिचे पूरमैदान. तेथे ढिगारा उभा केला किंवा भर घालून घरे बांधली, म्हणजे पाणी दुसऱ्या काठावर जाते. पुन्हा, काठावरचा ढीग उघडा राहिला तर उन्हाळ्यात खोल केलेले पात्र दोन-चार पावसाळ्यांत परत भरते. म्हणजे आपण दर वर्षी नदी खणतो आणि ढीग तिला दर वर्षी बुजवतो. नदीला खोलीबरोबर रुंदी हवी, हे आमचे पहिले म्हणणे आहे. आपल्या राज्यात पाटबंधारे खाते नदीच्या काठी दोन रेषा आखते. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची तांबडी. या दोन रेषांच्या आत कोणता ढीग येतो हे पाहावे, आणि जो येतो तो आधी हलवावा. झाडे लावून त्याला कायमचा करू नये.

हे स्वप्नरंजन नव्हे, याची साक्ष परदेशात मिळते. नेदरलंड्सच्या दक्षिणेस मास नावाची नदी बेल्जमच्या सरहद्दीवरून वाहते. तिच्या काठी पिढ्यान्‌पिढ्या खडी उपसली जात होती आणि मोठमोठे खड्डे उरले होते. १९९३ चा डिसेंबर आणि १९९५ चा जानेवारी, असे लागोपाठ दोन पूर आले. तेव्हा तेथील लोकांनी खडी काढण्याची रीतच बदलली. जेथे खडी आहे तेथे वाटेल तसा खड्डा न करता, नदीचे पात्र जेथे रुंद व्हावयास हवे तेथेच आणि तेवढेच काठ उतरवावयाचे. विकलेल्या खडीतून खर्च भागवावयाचा. आणि मोकळा झालेला काठ नदीच्या स्वाधीन करावयाचा. पुराची पातळी उतरली, खडीचे दांडे परत आले, त्यांवर रानफुले आली आणि माणसेही फिरावयास येऊ लागली. खणणे हेच तेथे नदीच्या दुरुस्तीचे साधन झाले. पाहण्यासारखी गोष्ट ही की, तेथे पहिला हिशेब पुराचा झाला आणि सहलीचा त्यामागून आला.

दुसरी गोष्ट मातीची. ती पाहावयास परदेशी जाण्याचे कारण नाही, नागपूर जिल्हा पुरे आहे. सावनेर तालुक्यात गुमगाव येथे मँगनीजची खाण आहे. तेथील ढिगांवर काही उगवत नव्हते. नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस तेथे प्रयोग सुरू केला. त्यांनी प्रथम रोप न लावता माती घडविली. साखर कारखान्यातून टाकाऊ म्हणून निघणारा प्रेसमड खड्ड्यांत भरला, हवेतील नत्र जमिनीत आणणारे जिवाणू दिले आणि मुळांशी राहून त्यांना पाणी व स्फुरद मिळवून देणारी बुरशी दिली. मग रोपे लावली, आणि जेथे गवत तग धरीत नव्हते तेथे झाडे उभी राहिली. यातला धडा सोपा आहे. झाड हे मातीचे फळ आहे; माती नसेल तर वृक्षारोपणाचे आकडे वहीत वाढतात, रानात वाढत नाहीत. अमुक लाख रोपे लावली असे कोणी सांगितले, तर पाच वर्षांनंतर किती उरली, आणि त्यांच्या खाली दुसऱ्या पिढीची रोपे आपोआप आली का, हे विचारावे. दुसरी पिढी आली नाही तोवर ते रान झाले असे म्हणू नये.

कोणती झाडे, हाही प्रश्न आहेच. लवकर वाढते म्हणून सुबाभूळ लावली, कोणी न लावता वेडी बाभूळ पसरली, की लांबून हिरवे दिसते. पण ताडोबाच्या रानाशी त्या हिरव्याचे नाते नसते. ढिगाच्या उतारावर आधी मुळांनी माती बांधणारे गवत हवे, नंतर पळस, करंज, बांबू, धावडा यांसारखी चिवट झाडे हवीत, आणि पाण्याच्या कडेला अर्जुन, जांभूळ, उंबर. सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२० रोजी दिलेल्या आदेशात, खाणकाम संपल्यावर त्या जमिनीवर पुन्हा गवत उगवले पाहिजे आणि ती चारा, वनस्पती व प्राणी यांच्या वाढीस योग्य झाली पाहिजे, अशी अट खाणपट्ट्यांना घालण्यास सांगितले. त्यात गवताचा उल्लेख प्रथम आहे, ही आम्हांला मोठी समजूतदार गोष्ट वाटते.

तिसरी गोष्ट पाण्याची आणि रेतीची. खाण बंद झाली, उपसा थांबला, की खड्डा पाण्याने भरतो. मोठा तलाव दिसू लागतो आणि कोणाला तरी नौकाविहाराची कल्पना सुचते. परंतु खाणीचा तलाव आपल्या रामाळा तलावासारखा नसतो. त्याचे कडे उभे असतात. पाऊल घसरले तर हाताला काही लागत नाही. उथळ काठ नसल्यामुळे पाणवनस्पती रुजत नाहीत, आणि मग मासे व पक्षीही थोडेच येतात. म्हणून खड्डा भरण्यापूर्वीच, यंत्रे तेथे आहेत तोवर, निदान एक बाजू उतरती करून घ्यावी, पाण्याची तपासणी करावी, आणि पुराचे जास्तीचे पाणी या खड्ड्यात सुरक्षितपणे घेता येईल काय हेही पाहावे. यंत्रे निघून गेल्यावर हेच काम करावयाचे तर यंत्रे, माणसे आणि पैसा सगळे नव्याने जमवावे लागते.

रेतीच्या बाबतीत मात्र आमच्या जिल्ह्यांना एक मोठी संधी आहे. वैनगंगेच्या काठी राहणाऱ्यांना रेतीची किंमत सांगावयास नको. रेती हे नदीचे कोठार आहे. पावसाळ्याचे पाणी ती पोटात धरते आणि उन्हाळ्यात झिरपू देते. तिच्यावर ढीवर बांधव डांगरवाड्या लावीत आले आहेत; तिच्यावर टिटवी आणि नदीसुरय अंडी घालतात. घाटाघाटांवरून रेती गेली की उघडा खडक राहतो, विहिरी खालावतात, डांगर संपते आणि मासाही संपतो. आता पाहा: कोळशावरच्या ज्या थरांचा ढीग होतो त्यांत वालुकाश्म पुष्कळ असतो, म्हणजे ढिगात रेती असते. नागपूर जिल्ह्यात भानेगाव व गोंडेगाव येथे वेकोलिने ढिगाऱ्यातून रेती वेगळी काढून दाखविली आहे. जे एका ठिकाणी नदीला ओझे आहे तेच दुसऱ्या ठिकाणी नदीचे रक्षण करू शकते. काठावरचा ढीग उचलून त्याची रेती बांधकामाला दिली, तर इरईला जागा मिळेल आणि वैनगंगेची रेती वाचेल. आमच्या मते या दोन जिल्ह्यांनी मिळून हाती घ्यावे असे याहून शहाणपणाचे काम दुसरे नाही.

आता चौथी गोष्ट, आणि ती केवळ आपल्याच मुलखाची आहे. मासच्या काठी लोकांनी निसर्ग परत आणण्यासाठी रानटी घोडे व गुरे आणून सोडली. आम्हांला काही आणून सोडावे लागत नाही. वाघ स्वतःच येतो! ताडोबा हे राष्ट्रीय उद्यान १९५५ पासूनचे, महाराष्ट्रातील सर्वांत जुने. तेथले रान, इरईचे धरण, औष्णिक केंद्राचा परिसर, खाणींचे ढिगारे आणि दुर्गापूरची वस्ती एकमेकांना लागून आहेत. टाकून दिलेल्या ढिगांवर आणि मोकळ्या जागांवर वेड्या बाभळीची दाट झुडपे माजली. त्यांत रानडुक्कर आले, आणि त्यांच्या मागे वाघ व बिबटे आले. २०२२ च्या फेब्रुवारीत औष्णिक केंद्राच्या परिसरात वाघाने एका कामगाराचा बळी घेतला, आणि लगोलग दुर्गापुरात बिबट्याने एका मुलाला नेले. या झुडपांना निसर्गाचे पुनरागमन म्हणावे काय? आम्ही म्हणणार नाही. वाघाला ती जागा सुरक्षित नाही आणि माणसालाही नाही. टाकून दिलेल्या जमिनीवर जे माजते ते, आणि विचारपूर्वक परत दिलेले रान, यांत मोठा फरक आहे.

म्हणून ‘निसर्ग आणि रंजन’ हे दोन शब्द युरोपातल्या माणसाने जोडून उच्चारले तरी आपण ते थोडे दूर ठेवले पाहिजेत. नदीच्या ज्या अंगाला वस्ती आहे तेथे काठ मोकळा हवा. झुडूप काढलेले, मोठी सावली देणारी झाडे, रात्री दिवे, कचरा नाही, कारण कचऱ्यावर कुत्री येतात आणि कुत्र्यांवर बिबट्या येतो. ज्या अंगाला रान आहे तेथे माणसाने जाऊ नये. ना सहलीला, ना मोटारी घेऊन. जनावरांना नदीच्या कडेने एका रानातून दुसऱ्या रानात जाता आले पाहिजे, पण ती वाट कोणाच्या अंगणातून जाता कामा नये. कोणता काठ कोणाचा, हे आधी नकाशावर ठरवावे. तसे न ठरवता जे केले जाईल त्याची किंमत, दुर्गापुरासारखी, गरीब वस्तीतली मुले देतील.

मग माणसाच्या रंजनाचे काय? आम्ही रंजनाच्या विरुद्ध मुळीच नाही. पण आपल्या लोकांचे नदीवरचे रंजन कोणते, याचा विचार करावा. ते मुख्यतः स्नानाचे व यात्रेचे आहे. घुग्घुसजवळ वढा येथे वर्धा आणि पैनगंगा यांचा संगम आहे. कार्तिकी पौर्णिमेला तेथे यात्रा भरते आणि लोक त्याला विदर्भाची पंढरी म्हणतात. त्याच टापूत कोळशाच्या खाणी आहेत. वैनगंगेच्या काठी मार्कंडा येथे महाशिवरात्रीला गडचिरोली-चंद्रपूरची माणसे लोटतात. या लोकांना रंगीत कारंजी नकोत. त्यांना हातात घेऊन तोंडाला लावता येईल असे पाणी हवे, उतरावयास घाट हवा आणि वर बसावयास सावली हवी. एखाद्या नदीची दुरुस्ती पुरी झाली की नाही याची परीक्षा आम्ही याहून वेगळी सांगणार नाही: यात्रेकरूने तिच्यात स्नान करावे आणि त्याला पुन्हा अंग धुवावे लागू नये.

हे किती वर्षांचे काम आहे? जर्मनीच्या रूर प्रांतात एम्शर नावाची लहानशी नदी आहे. कोळशाच्या खाणींमुळे तेथील जमीन खचत असे, जमिनीखाली गटारे टिकत नसत, म्हणून त्या लोकांनी नदीलाच काँक्रीटमध्ये बांधून उघडे गटार केले. खाणकाम उत्तरेकडे सरकले तेव्हा, १९९० च्या दशकाच्या आरंभी, त्यांनी नदी परत आणावयाचे ठरविले. त्यासाठी ५१ किलोमीटर लांबीची मुख्य सांडपाणी वाहिनी जमिनीखाली बांधली. २०२१ च्या अखेरीस एम्शरमध्ये सांडपाणी येणे थांबले. तीस वर्षे आणि सुमारे साडेपाच अब्ज युरो एवढा हा खर्च आहे. झरपटीचा प्रश्न याच जातीचा आहे. नगराचे सांडपाणी तिच्यात जात आहे तोवर जलपर्णी दर वर्षी काढली तरी दर वर्षी येणारच.

तेवढा पैसा आपण कोठून आणणार, असे कोणी विचारील. निदान खाणींपुरती त्याची सोय कायद्यात आहे. केंद्रीय कोळसा मंत्रालयाने २००९ साली असा नियम केला की, प्रत्येक खाणीने ती बंद कशी करणार याची योजना आधीच द्यावी आणि त्यासाठी स्वतंत्र खात्यात पैसा ठेवावा. खुल्या खाणीला हेक्टरी ६ लाख रुपये आणि भूमिगत खाणीला १ लाख, असा तेव्हाचा दर होता. तो पुढे वाढला. काम झाल्याचे तपासून त्या रकमेतला भाग परत मिळतो. म्हणजे कागदावर नदीच्या नावाने पैसा आहे. तो कोणत्या कामावर दाखविला जातो, ढीग हलविण्यावर की प्रवेशद्वाराच्या कमानीवर, हे पाहणारे डोळे मात्र नगरातच हवेत. सावनेरला वेकोलिने उद्यान केले, पर्यटकांना खाण दाखविण्याची सोय केली. ते चांगलेच आहे. पण उद्यान हे फेडीचे व्याज झाले, मुद्दल नव्हे.

आणि हे सर्व चंद्रपूरला उशिरा सुचत असले, तरी गडचिरोलीला आधी सुचू शकते. एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या डोंगरावर लोहखनिजाचा सुमारे ३४८ हेक्टरांचा पट्टा २००७ साली दिला गेला. गेल्या काही वर्षांत तेथले काम फार वेगाने वाढले आहे. त्या डोंगरावर माडिया-गोंडांचा ठाकुरदेव आहे, आणि दर वर्षी त्याची यात्रा भरते. डोंगरावरून उतरणारे पाणी ओढ्यांतून खाली बांडिया आणि इंद्रावती यांच्याकडे जाते. पावसात लाल गाळ शेतांत येतो, अशा तळाच्या गावांच्या तक्रारी वृत्तपत्रांतून येऊन गेल्या आहेत. इरईच्या काठी जो हिशेब खाणी झाल्यावर मांडावा लागत आहे तो तेथे आजच मांडता येईल: गाळ कोठे अडवावयाचा, वरची माती कोठे राखावयाची, आणि कोणता ओढा कधीही बुजवावयाचा नाही. हे ठरविताना ज्यांना विचारावयाचे ते लोकही तेथेच आहेत. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. त्या गावाने रान कसे राखावे हे राज्याला दाखवून दिले आहे. ग्रामसभेने खाण बंद करण्याची योजना वाचून तिच्यावर आपले म्हणणे द्यावे, यात अशक्य काही नाही. खाण संपल्यावर विचारणे म्हणजे वरातीमागून घोडे.

एक आक्षेप राहतो, आणि तो आम्ही हलका मानत नाही. खाणीने हजारो घरांची चूल पेटविली आहे. खाण मिटली तर ती माणसे काय खातील? आमचे उत्तर असे की, ढीग हलविणे, उतार घडविणे, रेती वेगळी करणे, गवत पेरणे, रोपवाटिका सांभाळणे, तलावात मासळी वाढविणे, ही सर्व कामेच आहेत, आणि ती वर्षानुवर्षे पुरणारी आहेत. ज्या हातांनी यंत्र चालवून डोंगर रचला त्याच हातांना तो उतरविता येतो. हे काम आधी खाणीत गेलेल्या जमिनींच्या मालकांना आणि खाणकामगारांच्या मुलांना मिळाले पाहिजे. आणि ओसाड जमिनीतून काय उभे राहू शकते, याचे उदाहरण आपल्या जिल्ह्यातच आहे. १९५१ साली वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनी, समाजाने टाकलेल्या माणसांना घेऊन, टाकलेल्या जमिनीवर आनंदवन उभे केले. तेथे पैसा थोडा होता, पण रोज सकाळी उठून त्याच जमिनीवर काम करणारी माणसे होती.

तेव्हा श्रोतेहो, आपण काय करावे? हे नगर अगदीच निद्रिस्त आहे असे म्हणता येणार नाही. ताडोबालगतच्या लोहारा येथील कोळसा खाणीला येथील लोकांनी विरोध केला, आणि केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने त्या खाणीला नकार दिला. रामाळा तलावासाठी २०२१ साली ‘इको-प्रो’ संस्थेच्या लोकांनी उपोषण केले. पण नदीचे काम उपोषणाइतके थोड्या दिवसांचे नाही. त्याला चिकाटीची विचारणा लागते. आम्ही तीनच प्रश्न सुचवितो, आणि ते दर वर्षी पावसाळ्यापूर्वी, लेखी, नावानिशी विचारावेत. पहिला: इरई, झरपट आणि वर्धा यांच्या पूररेषांत कोणते ढीग व कोणते भराव आहेत, आणि ते कधी हलणार? दुसरा: आपल्या परिसरात पुढे बंद होणाऱ्या खाणींच्या योजना काय आहेत, त्यांच्या खात्यांत किती रक्कम आहे, आणि ती कशावर खर्च झाली? तिसरा: नदीचा कोणता काठ माणसांचा आणि कोणता रानाचा, याचा नकाशा कोठे आहे? तिन्ही प्रश्नांची उत्तरे कचेऱ्यांत असली पाहिजेत; नसतील तर ती तयार करून घेणे हेच पहिले काम.

कोळशाच्या थराला कोट्यवधी वर्षे लागली, आणि आपण सुमारे दीडशे वर्षे तो खणून वापरत आलो आहोत. नदी मात्र अजून वाहते आहे. ती आपल्याकडे जागा मागते, माती मागते आणि थोडा धीर मागते. एवढे दिले तर उरलेले पुष्कळ काम ती स्वतः करते. गाळ पसरविते, बी आणते, काठ घडविते. त्या कामाचा आरंभ आपल्या डोळ्यांदेखत व्हावा एवढीच आमची इच्छा आहे.